प्रयोगशील सांस्कृतिक इमारती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवडाभर आर्किटेक्टची प्रॅक्टिस आणि रविवारी लोकांना इमारती दाखवायला नेणं, असा माझा उद्योग आहे. नाट्यसंस्थांचे कार्यकर्ते, आर्किटेक्चरचे विद्यार्थी, दोन-तीन नगरसेवक आणि एक निवृत्त ओव्हरसिअर यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एका जागी ठेवले आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. प्रयोगशील वास्तुकला म्हणजे नेमकं काय? वेडीवाकडी दिसणारी इमारत म्हणजे प्रयोग का?

तसं नाही. उत्तर आधीपासून हाताशी नसताना इमारत बांधायला घेतली, की तो प्रयोग. छप्पर कसं तोलायचं, भिंत कशाची करायची, माणसं कुठून आत येणार, यातली एक तरी गोष्ट त्या इमारतीसाठी नव्याने शोधावी लागलेली असते. बाहेरून काचेचं वाकडं आवरण आणि आत तेच पॅसेज, त्याच केबिनी असतील, तर तो नुसता पोशाख.

मराठीत प्रयोग नाटकाचाही असतो, आणि इमारतींबद्दल बोलताना मला तोच अर्थ जास्त पटतो. शुभारंभाचा प्रयोग रंगला म्हणून पन्नासावा रंगतोच असं नाही. फीत कापली त्या दिवशीचे फोटो पाहून मी कुठल्याच इमारतीबद्दल मत देत नाही.

2. सिडनी ऑपेरा हाऊसचा खर्च एवढा का वाढला? आर्किटेक्ट पळून गेला हे खरं का?

सुरुवातीचा अंदाज 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता. शेवटी 10 कोटी 20 लाख लागले. इमारत 1963 च्या सुरुवातीला पूर्ण व्हायची होती, उघडली ती 20 ऑक्टोबर 1973 रोजी. याचं खापर सहसा योर्न उट्झन या डॅनिश आर्किटेक्टवर फोडलं जातं.

घडलं ते असं. उट्झन यांनी 1957 मध्ये स्पर्धा जिंकली, तेव्हा छपरांची शिडं कागदावर हाताने काढलेली होती. त्यांची भूमिती ठरलेली नव्हती. राजकीय पाठिंबा आहे तोवर काम सुरू झालेलं बरं, या घाईने सरकारने 1959 मध्येच बांधकाम सुरू केलं. जोत्याचे खांब उभे राहिले आणि मग कळलं, की वरच्या छपराचं वजन त्यांना पेलणार नाही. ते पुन्हा करावे लागले.

छपराचं कोडं 1961 च्या सुमारास सुटलं. सगळी शिडं एकाच गोलाचे तुकडे मानायचे, त्रिज्या सुमारे 75 मीटर. संत्र्याच्या सालीचे वेगवेगळे तुकडे काढले तरी वक्रता एकच राहते, तसं. वक्रता एक, म्हणून साचे पुन्हा पुन्हा वापरता आले आणि काँक्रीटच्या फासळ्या ओतून वर चढवता आल्या. वर 10 लाखांहून जास्त टाइल्स आहेत.

सरकार बदललं, बिलं अडली, आणि 1966 मध्ये उट्झन यांनी काम सोडलं. पुरी झालेली इमारत त्यांनी डोळ्यांनी कधीच पाहिली नाही. ते गेल्यावर मोठं सभागृह फक्त मैफलींसाठी ठेवायचं ठरलं, ऑपेरा लहान सभागृहात ढकलला गेला आणि बसवून झालेली रंगमंचाची यंत्रसामग्री उपटून काढली. प्रयोगाला पैसा लागतो हे खरं, पण इथे बराचसा पैसा घाईत आणि मधेच मत बदलण्यात गेला.

3. पॅरिसच्या पोंपिदू सेंटरचे पाइप बाहेर का आहेत?

आतले मजले मोकळे राहावेत म्हणून. पाइप, डक्ट, जिने, सगळं भिंतीबाहेर काढलं की आत अडथळा नसलेला सभामंडप मिळतो. आज प्रदर्शन, उद्या वाचनालय. रंगांना अर्थ आहे: निळा हवेचा, हिरवा पाण्याचा, पिवळा विजेचा, लाल माणसांच्या ये-जा करण्याचा. रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांची ही रचना 1971 च्या स्पर्धेत 681 प्रवेशिकांतून निवडली गेली. इमारत 1977 मध्ये उघडली.

लोक पाइपांचे फोटो काढतात. मला मात्र त्यांनी अर्धा प्लॉट रिकामा ठेवून समोर उतरता चौक सोडला, ते जास्त धाडसाचं वाटतं. आपल्याकडे अर्धा प्लॉट सोडतो म्हणणाऱ्या आर्किटेक्टला एफएसआय (प्लॉटवर बांधता येणारं क्षेत्रफळ) किती फुकट गेला, हे पहिल्याच बैठकीत विचारतील. पाइप बाहेर ठेवल्याची किंमत काय, यासाठी प्रश्न 7 पाहा.

4. आपल्याकडचं एखादं अस्सल उदाहरण सांगा ना.

अहमदाबादची गुफा. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी जन्मले पुण्यात, चित्रकार मकबूल फिदा हुसेन पंढरपुरात. दोघांनी मिळून अहमदाबादेत चित्रांसाठी ही जमिनीखालची जागा केली. 1990 च्या दशकाच्या मध्याला ती पूर्ण झाली. पूर्वी तिला हुसेन-दोशींची गुफा म्हणत, आता 'अमदावाद नी गुफा' म्हणतात.

वरून दिसतात ते कासवाच्या पाठीसारखे घुमट, त्यांवर फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांचं आवरण आणि त्यावरून सरपटत गेलेला काळा नाग. पायऱ्या उतरून आत गेलं की सरळ भिंत, काटकोन, सपाट छत यातलं काहीच सापडत नाही. खांब झाडाच्या बुंध्यासारखे कलते. जमीनही चढ-उताराची, त्यामुळे पहिली पाच मिनिटं माणूस चित्रांऐवजी पायांकडे बघत चालतो. घुमटांना नळीसारखी तोंडं आहेत. त्यांतून उन्हाचे गोल कवडसे जमिनीवर पडतात आणि उन्हाबरोबर सरकत राहतात. हुसेन यांनी रंगवायला कॅनव्हास मागितला नाही. घुमटाच्या आतल्या बाजूलाच चित्रं काढली.

प्रयोग आहे तो बांधण्यात. हे घुमट फेरोसिमेंटचे, म्हणजे सळ्या आणि जाळीच्या सांगाड्यावर हाताने मॉर्टर दाबून केलेले, जाडी जेमतेम इंचभर. सेंटरिंग (ओतकामाखालचा तात्पुरता आधार) नाही. पायाही नेहमीसारखा खणून घातलेला नाही. तळाची जमीन आणि वरचं कवच मिळून एकच टरफल झालं आहे. आकार पक्का करायला संगणक वापरला आणि काम केलं ते साधी हत्यारं घेतलेल्या, या कामाचं कसलंही खास प्रशिक्षण नसलेल्या मजुरांनी. अंडं पातळ असूनही चटकन फुटत नाही, ते वाकामुळे. इथेही जाडीचं काम वाकच करतो.

5. चार्ल्स कोरिया यांच्या इमारतींत डोळ्यात भरण्यासारखं काही नसतं. मग त्यात प्रयोग कसला?

बरोबर पकडलंत, भोपाळचं भारत भवन रस्त्यावरून जवळपास दिसतच नाही. 1982 मध्ये उघडलेली ही इमारत तलावाकडे उतरणाऱ्या टेकडीत बसवली आहे. तुम्ही वरून, म्हणजे गच्चीवरूनच आत शिरता आणि एकेक चौक उतरत खाली जाता. दालनं या चौकांच्या पोटात आहेत. तिकीट काढून दारातून आत जाण्याऐवजी माणूस तलाव बघत, पायऱ्यांवर टेकत, रमतगमत नकळत एखाद्या दालनाशी पोचतो. ज्याला संग्रहालयात शिरायची भीड वाटते, त्याच्यासाठी केलेला हा प्रयोग. कोरिया यांना आकाशाला खुली जागा ही खोलीइतकीच खरी जागा वाटे, आणि आपल्या हवेत ती वर्षातले बरेच महिने खोलीपेक्षा सुखाची असते.

जयपूरचं जवाहर कला केंद्र वेगळ्या वाटेने जातं. जयपूर शहराचा मूळ आराखडा नऊ चौकांचा, त्यातला एक डोंगरामुळे सरकलेला. कोरिया यांनी केंद्रही नऊ चौकांचं केलं, एकेका ग्रहाच्या नावाचं, आणि एक चौक मुद्दाम फिरवून तिथे प्रवेश ठेवला. ग्रंथालय गुरूच्या चौकात; मधला सूर्याचा चौक रिकामा. नवग्रह वगैरे ऐकून काहींना हा वास्तुशास्त्राचा प्रकार वाटतो. मला तो शहराचा नकाशा इमारतीत आणायचा चतुर बहाणा वाटतो. पण मंगळाच्या चौकापाशी भेटू, हे वाक्य तिथे सहज बोललं जातं, म्हणजे खूण लोकांना सापडली.

6. पुण्यात याच धर्तीचं काही आहे का?

विद्यापीठाच्या आवारातली आयुकाची इमारत, कोरिया यांचीच. जयंत नारळीकर संस्थापक संचालक होते. खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, म्हणून पास काढून हिंडता येत नाही. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मात्र सर्वांना खुली असते, तेव्हा गर्दीची तयारी ठेवून जा.

बाहेरची भिंत जवळ उभं राहून बघा. खाली आपला नेहमीचा खडबडीत काळा दगड, वर गुळगुळीत कडप्पा, त्याहून वर चकचकीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आकाशाचं प्रतिबिंब पडतं. भिंत नेमकी कुठे संपली ते कळेनासं होतं. मधल्या चौकात देवळाच्या कुंडासारखं कुंड आहे, त्यातल्या दगडांच्या रेषा मध्यापासून बाहेर फेकल्यासारख्या जातात. विश्व प्रसरण पावतंय, ते हेच. भोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. यातलं काहीही समजलं नाही तरी पायरीवर बसून डबा खाता येतो, आणि लोक खातात.

7. अशा इमारती गळतात, हे खरं ना?

बऱ्याच गळतात. कारण साधं आहे. नेहमीच्या सपाट स्लॅबला ढाळ किती द्यायचा, कठड्याशी वाटा कसा मारायचा, ब्रिकबॅट कोबा किती जाड, हे आपल्या मिस्त्रीला पाठ असतं. दोन वाक एकमेकांना भेटतात त्या खाचेत पाणी कुठून जाईल, हे त्याने कधी पाहिलेलं नसतं. ड्रॉइंगमध्ये तिथे एक रेघ असते. रेघेतून पाणी जात नाही, खाचेतून जातं.

एका तालुक्याच्या गावी वक्र छपराच्या नाट्यगृहात मी भर जुलैत नाटक पाहिलं. दुसऱ्या अंकात तिसऱ्या रांगेत धार लागली. मध्यंतरानंतर आम्ही वर जाऊन पाहिलं, तर पन्हळीत पिंपळाचं रोप हातभर वाढलेलं आणि डाऊनटेक पाइपात प्लास्टिकचा चेंडू. छपरावर जायला कायमची शिडीच नव्हती, मग साफ कोण करणार? चूक छपराच्या आकाराची नव्हती. ड्रॉइंगमध्ये शिडी न दाखवणाऱ्याची होती.

पोंपिदूसारख्या इमारतीत जे पाइप एरवी भिंतीआड राहिले असते, ते ऊन-पाऊस खातात, रंग सतत द्यावा लागतो. ती इमारत 1997 ते 2000 या काळात दुरुस्तीला होती आणि 2025 मध्ये पुन्हा काही वर्षांसाठी बंद झाली. तेव्हा प्रयोगशील इमारत मागवताना देखभालीचं कलम पहिल्या करारातच लिहून घ्या.

8. पणजीच्या कला अकादमीचं नेमकं काय झालं?

मांडवीच्या काठावरची ही इमारतही कोरिया यांचीच, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पुरी झालेली. बैठी, मांडवाखालून थेट नदीपर्यंत जाता येईल अशी. गोव्यात तिच्याबद्दल लोक इमारत म्हणून बोलतच नाहीत, तियात्र (कोकणी नाटकं), भजनस्पर्धा, मुलांचे तबल्याचे वर्ग असंच बोलतात. दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात मारिओ मिरांडा यांनी भिंतींवर प्रेक्षकांनी भरलेले सज्जे रंगवले होते, त्यामुळे तिकीट खपलं नाही तरी नाटक हाउसफुल वाटायचं.

2021 नंतर मोठं नूतनीकरण सुरू झालं. ते चालू असतानाच जुलै 2023 मध्ये खुल्या रंगमंचाच्या भागातला स्लॅब कोसळला. त्याच वर्षी इमारत पुन्हा उघडली, पण आवाज आणि प्रकाशव्यवस्थेबद्दल कलाकारांच्या तक्रारी सुरूच राहिल्या. जबाबदारी कोणाची, यात मी शिरत नाही. आर्किटेक्ट म्हणून एवढंच म्हणेन, की चाळीस वर्षं वापरात मुरलेल्या सभागृहात खुर्चीचं कापड बदललं तरी आवाज बदलतो. का, ते पुढच्या उत्तरात.

9. नवीन नाट्यगृहात शेवटच्या रांगेत ऐकू का येत नाही?

आवाज किती वेळ घुमतो, ते सभागृहाचं घनफळ आणि आतल्या वस्तू किती आवाज पितात यावर ठरतं. आडाखा असा: 0.16 गुणिले घनफळ, भागिले शोषण. 4000 घनमीटरचं सभागृह आणि 640 चौरस मीटर शोषण असेल, तर घुमणं एक सेकंद. संवादांना हे ठीक. पाश्चात्य वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या आसपास लागतं.

आपली पंचाईत अशी, की एकाच सभागृहात सकाळी शाळेचं स्नेहसंमेलन, दुपारी गद्य नाटक आणि रात्री संगीत नाटक. नांदीला जरा घुमायला हवं, संवादाला नको. शिवाय छताला उंच घुमट दिला की घनफळ वाढतं, त्या गोलाव्यात आवाज एका ठिकाणी गोळा होतो, आणि अकराव्या रांगेतल्या एकाच खुर्चीवर प्रॉम्प्टर ऐकू येतो. मग माइक लावतात. माइक लावले की नट आवाज टाकायचं विसरतात, हे आमच्या नाट्यसंस्थेतल्या काकांचं मत, आणि ते चूक नाही.

मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेचं टाटा थिएटर (1980) पाहण्यासारखं आहे. आराखडा फिलिप जॉन्सन यांचा, ध्वनीची बाजू सिरिल हॅरिस यांची. प्रेक्षक पंख्यासारखे पसरून रंगमंचाजवळ आणले आहेत. ध्वनितज्ज्ञ असा सुरुवातीलाच घ्यावा. आपल्याकडे त्याला फॉल्स सीलिंगच्या वेळी बोलावतात.

10. 'प्रायोगिक रंगमंच' म्हणजे प्रयोगशील वास्तू का?

नाही, पण नातं आहे. प्रायोगिक नाटकाला बहुधा खुर्च्या हलवता येतील असा साधा चौकोनी काळा खोका पुरतो. मुंबईचं पृथ्वी थिएटर (1978) सुमारे 200 प्रेक्षकांचं. रंगमंच तिन्ही बाजूंनी प्रेक्षकांत घुसलेला. बाहेरून त्याकडे वळूनही कोणी पाहणार नाही.

11. सरकारी टेंडरमध्ये असं काम बसतं का? दरसूचीत तर हे आयटमच नसतात.

निवृत्त ओव्हरसिअरसाहेबांचा हा लाडका प्रश्न. बसतं, पण चिकाटी हवी. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत वीटकाम, आरसीसी, प्लास्टर यांचे दर असतात. फेरोसिमेंटच्या दुहेरी वाकाचा नसतो. मग रेट ॲनालिसिस करून, कोटेशन जोडून, नवा आयटम मंजूर करून घ्यावा लागतो. बरेच आर्किटेक्ट इथेच थकतात आणि घुमटाचा पत्रा होतो.

माझा अनुभव: आधी पूर्ण मापाचा एक तुकडा बांधून दाखवा. मीटरभर रुंद, खऱ्या जाडीचा. किती मजूर, किती सिमेंट, किती दिवस हे मस्टरवर येतं आणि दर हवेतून काढलाय असं कोणी म्हणू शकत नाही. शिवाय इंजिनिअर त्यावर उभे राहून बघतात. दुसरं, सर्वांत कमी दराच्या कंत्राटदारालाच काम जाणार असेल, तर पात्रतेच्या अटींत अशा कामाचा अनुभव निविदेपूर्वीच घाला; नंतर रडून उपयोग नाही.

12. स्पर्धा घेतली की चांगली इमारत मिळते का?

चांगलं ड्रॉइंग मिळतं. इमारत मिळेल याची हमी नाही. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राची आंतरराष्ट्रीय स्पर्धा 1986 मध्ये राल्फ लर्नर यांनी जिंकली, पण आराखड्याचा काही भागच उभा राहिला. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या नव्या विंगची स्पर्धा 2014 मध्ये स्टीव्हन हॉल यांनी जिंकली. काम पुढे सरकलं नाही. उलट प्रश्न 2 आणि 3 मधल्या दोन्ही इमारती स्पर्धेतूनच आल्या. स्पर्धेआधी जागा मोकळी आहे का, पैसा कुठल्या शीर्षाखाली आहे आणि निकालानंतर निर्णय कोण घेणार, एवढं ठरलेलं असावं.

13. चढउतार, पायऱ्या, कुंडं... व्हीलचेअरवरच्या माणसाने काय करायचं?

हा आक्षेप खरा आहे. त्यावर माझ्याकडे बचाव नाही. वर कौतुक केलेल्या अर्ध्या इमारती पायऱ्यांवर उभ्या आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर नव्या सार्वजनिक इमारतीला हे टाळता येत नाही. रॅम्पचा साधा हिशेब 1 ला 12: जोतं 60 सेंटिमीटर असेल, तर रॅम्प 7.2 मीटर, वर मधल्या विसाव्याची जागा वेगळी. एवढी लांबी शेवटी कुठेतरी चिकटवली की ती मागच्या दाराशी, जनरेटरशेजारी जाते. पहिल्या स्केचमध्येच धरली, तर तोच मुख्य रस्ता होतो आणि तबल्याची पेटी ढकलत आणणाराही त्यावरूनच येतो. मुख्य वाट उताराचीच करायची, हा माझ्या मते आज करण्यासारखा प्रयोग आहे.

14. आर्किटेक्ट आपली इमारत पाडण्यापासून वाचवू शकतो का?

सध्याच्या कायद्याने जवळपास नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन 1972 चं. आर्किटेक्ट राज रेवाल, स्ट्रक्चरल इंजिनिअर महेंद्र राज. त्याची रचना स्पेस फ्रेमची, म्हणजे एकमेकांत जोडलेल्या दांड्यांच्या सांगाड्याची. जगात ती पोलादी नळ्यांची करतात; तसं पोलाद इथे परवडणारं नव्हतं, म्हणून ती काँक्रीटची, हाताने ओतून केली. एप्रिल 2017 मध्ये एका रात्रीत ती पाडली. वारसा म्हणून संरक्षण मागितलं, तेव्हा इमारतीला 60 वर्षं झालेली नाहीत, हे कारण पुढे आलं.

रेवाल यांनी कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 खाली, लेखकाच्या नैतिक हक्काच्या आधारे दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने 2019 मध्ये तो फेटाळला: मालकाला आपली इमारत पाडायचा हक्क आहे. याच न्यायालयाने 2005 मध्ये विज्ञान भवनातून काढलेल्या भित्तिशिल्पाबद्दल शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या बाजूने निकाल दिला होता. त्यामुळे भिंतीवरच्या शिल्पाला जे मिळालं ते भिंतीला मिळालं नाही, असं आम्ही आर्किटेक्ट लोक चहावर म्हणतो. इमारत अर्धवट बदलून विद्रूप केली, तर काय, हा प्रश्न वेगळा. त्यासाठी वकील गाठा.

15. अशा इमारतींचे फोटो काढले, छापले, तर कॉपीराइटचा भंग होतो का?

इमारतीचा फोटो काढणं किंवा छापणं आपल्या कायद्यात भंग धरलेलं नाही. पण आतल्या चित्रांचं तसं नाही, आणि संस्थेचे स्वतःचे नियम असतात. गुफेत जाताना दारावर विचारा.

16. मी आर्किटेक्ट नाही. इमारत बघायला गेलो, तर काय बघू?

आधी पहारेकऱ्याची खुर्ची कुठे आहे ते बघा. जिथे सावली आणि वारा आहे आणि जिथून लोक खरोखर ये-जा करतात, तिथे ती असते. बऱ्याचदा ती आर्किटेक्टने काढलेल्या प्रवेशद्वारापाशी नसते. मग स्वच्छतागृह शोधा, कोणाला न विचारता. शक्य असेल, तर पावसात जा आणि पाणी कुठून पडतंय ते बघत दहा मिनिटं वळचणीला उभे राहा. रविवारी आम्ही हेच करतो. छत्री आपापली आणावी.